तानपुऱ्याखालची घरघर: घरच्या म्युझिक सिस्टीमचं हमिंग शोधायचं आणि घालवायचं कसं

गायकाचा षड्ज काळी एकला असेल, तर तानपुऱ्याची पहिली तार, म्हणजे मंद्र पंचमाची तार, साधारण १०४ हर्ट्‌झवर लागते. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्‌झची आणि तिची दुप्पट १००. ॲम्प्लिफायरमधून १०० हर्ट्‌झचं हमिंग गळत असेल तर ते त्या पंचमाला खेटून बसतं आणि सेकंदाला चार वेळा त्याला हेलकावे देतं. तानपुरा बेसूर लागलाय असं वाटतं, पण बेसूर झालेली असते आपली सिस्टीम. इंदूरमध्ये अमीर खाँसाहेबांचे मंद्रातले आलाप रात्री निवांत लावून बसणारी घरं अजून भरपूर आहेत. त्या गाण्यात दोन स्वरांमधली शांतता गाण्याइतकीच मोलाची आहे, आणि घरघर नेमकी तीच खाते.

या तक्रारीवर पहिला उपाय म्हणून लोक महागडी केबल आणतात. बहुतेक वेळा तो खर्च वाया जातो. हमिंग कुठून शिरतंय हे तासाभरात, जवळजवळ फुकटात शोधता येतं. त्यासाठी लागतं एवढंच: साधा डिजिटल मल्टिमीटर, एक चांगला तीन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड, मधली पिन आणि बाहेरची कडी सोल्डरने एकत्र जोडलेल्या दोन आरसीए पिना (लाल-पांढऱ्या ऑडिओ वायरींच्या टोकाला असतात त्या), आणि पंखा-कूलर बंद ठेवता येईल अशी रात्रीची वेळ. पिना महारानी रोडवर किंवा जेल रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतात. सोल्डर स्वतः करता येत नसेल तर दुकानातून करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. या लेखात त्यांना ‘शॉर्ट पिन’ म्हटलं आहे.

आधी कानाने ओळखा

पहिला प्रश्न: आवाज स्पीकरमधून येतोय की ॲम्प्लिफायरच्या डब्यातून? स्पीकरच्या जाळीला कान लावा, मग डब्याला. सिस्टीम बंद करून स्पीकरच्या वायरी काढल्या, परत चालू केली आणि तरी घरघर ऐकू आली, तर ती ट्रान्सफॉर्मरची यांत्रिक थरथर आहे. तिचा इलाज वेगळा, तो शेवटाकडे दिला आहे.

स्पीकरमधूनच येत असेल तर तिची जात ओळखा. घरात पेटी असेल आणि ती ४४०च्या मापाने लावलेली असेल, तर खर्जाच्या सप्तकातली पांढरी पाच दाबा. ती ९८ हर्ट्‌झची असते. हमिंग तिच्या किंचित चढं, गोल ‘ऊऽऽ’ असं लागलं तर ते १०० हर्ट्‌झचं. हे बहुधा ॲम्प्लिफायरच्या आतल्या पॉवर सप्लायमधून येतं, कारण ब्रिज रेक्टिफायर (एसीची डीसी करणारे चार डायोड) ५० हर्ट्‌झच्या प्रत्येक फेऱ्यात कपॅसिटर दोनदा भरतो. त्याहून एक सप्तक खाली, ऐकू येण्यापेक्षा छातीत जाणवणारी गुरगुर असेल तर ती ५० हर्ट्‌झची: अर्थचा लूप (त्याबद्दल पुढे), तुटलेलं शील्ड (वायरीतली धातूची जाळी) किंवा जवळचा एखादा ट्रान्सफॉर्मर. लहान स्पीकर ५० हर्ट्‌झ नीट वाजवूच शकत नाहीत, त्यामुळे लूपचंही हमिंग त्यांच्यावर १०० आणि १५० हर्ट्‌झचंच ऐकू येतं. म्हणून कानाचा निकाल हा अंदाज समजा, खात्री पुढच्या चाचण्यांनी करा. आणि आवाजाला धार असेल, ‘झर्रर्र’ असा, तर संशयित वेगळे: पंख्याचा रेग्युलेटर, इन्व्हर्टर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर किंवा अजिबात नसलेलं अर्थिंग.

साखळी तोडा, मग एकेक कडी जोडा

सगळी उपकरणं बंद करा. ॲम्प्लिफायरच्या मागच्या सगळ्या वायरी काढा. सगळ्या म्हणजे लाल-पांढऱ्या आरसीए तर काढायच्याच, पण एचडीएमआय, यूएसबी, एफएमची ॲन्टेना, सबवूफरची वायर, हेही सोडायचं नाही. फक्त विजेची वायर आणि स्पीकर राहू द्या. वापरात असलेल्या इनपुटमध्ये शॉर्ट पिना घाला. हे महत्त्वाचं आहे. मोकळं इनपुट हवेतलं ५० हर्ट्‌झ ॲन्टेनासारखं उचलतं, आणि व्हॉल्यूम वर नेला की चांगला ॲम्प्लिफायरही घरघरतो. त्यावरून त्याला दोषी ठरवलं तर पुढची सगळी शोधाशोध चुकते.

आता चालू करा आणि व्हॉल्यूम शून्यापासून हळूहळू वर न्या.

हमिंग आहे आणि व्हॉल्यूम फिरवूनही कमी-जास्त होत नाही, तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे आहे: पॉवर सप्लाय किंवा आउटपुटचा भाग. व्हॉल्यूमबरोबर वाढतं तर दोष त्याच्या मागे आहे. एक तिसरा प्रकार फसवा असतो: शून्यावर शांत, पूर्ण वर शांत, मध्येच कुठेतरी सगळ्यात मोठं. व्हॉल्यूमच्या पॉटचा (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरचा) आउटपुट रेझिस्टन्स मधोमध सर्वांत जास्त असतो, त्यामुळे तिथून पुढे जाणारी वायर शील्ड नसलेली असेल तर ती त्याच जागी सर्वांत जास्त उचलते. असेंबल केलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये हे वारंवार सापडतं. इलाज: पॉटपासून बोर्डापर्यंत शील्डेड वायर, आणि पॉटच्या धातूच्या अंगाला अर्थ.

शॉर्ट पिना लावल्यावर ॲम्प्लिफायर पूर्ण शांत असेल तर तो निर्दोष आहे. त्याला उघडू नका. एकेक वायर परत जोडा. प्रत्येक वायर जोडल्यावर थांबा, ऐका. जिच्यानंतर घरघर सुरू होते तिथे बोट ठेवा. ज्या उपकरणाची वायर जोडता ते बंद असलं तरी फरक पडू शकतो, कारण बोर्डावरचं बटण फक्त फेज तोडतं. अर्थ जोडलेलाच राहतो. ‘सेट-टॉप बॉक्स तर बंदच होता’ म्हणून त्याला यादीतून काढणं ही नेहमीची चूक.

वायरही तपासून घ्या. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एका टोकाच्या बाहेरच्या कडीपासून दुसऱ्या टोकाच्या कडीपर्यंत मोजा. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा करून १ ओहमच्या आत यायला हवं. मोजताना पिनेजवळ वायर वाकवून बघा. आकडा उड्या मारत असेल तर शील्ड आतून तुटलंय. तुटलेल्या शील्डची घरघर मोठी असते आणि बहुतेक वेळा एकाच बाजूला. डावी-उजवी पिन अदलाबदल केल्यावर घरघरही बाजू बदलते का, हे बघितलं की खात्री होते.

अर्थचा लूप म्हणजे नेमकं काय

घरगुती हमिंगचं सर्वांत मोठं कारण हे. दोन उपकरणं, दोघांना तीन पिनांचे प्लग, म्हणजे दोघांचे धातूचे डबे भिंतीतल्या अर्थच्या तारेने जोडलेले. त्यांच्यात आपण आरसीए वायर लावली की तिच्या शील्डमधून ते दुसऱ्यांदा जोडले गेले. झालं एक वेटोळं तयार. भिंतीतून जाणाऱ्या विजेच्या चुंबकीय क्षेत्रामुळे आणि दोन सॉकेटांच्या अर्थमधल्या थोड्याशा फरकामुळे या वेटोळ्यातून ५० हर्ट्‌झचा प्रवाह फिरतो.

तो लहान असतो, पण पुरेसा असतो. समजा शील्डचा रेझिस्टन्स ०.०५ ओहम आणि फिरणारा प्रवाह २० मिलिॲम्प. दोन्हींचा गुणाकार १ मिलिव्होल्ट. शील्ड ही सिग्नलचीही परतीची वाट असल्यामुळे हा १ मिलिव्होल्ट थेट गाण्यात मिसळतो. गाण्याचा सिग्नल ३०० मिलिव्होल्ट धरला तर हमिंग त्याच्या फक्त ५० डेसिबल खाली. ढोलकी वाजत असताना कळणार नाही. आलाप थांबला की स्वच्छ ऐकू येईल.

यावरून इलाजांचा क्रम आपोआप ठरतो, आणि पहिले दोन जवळजवळ फुकट आहेत.

पहिला: सगळी उपकरणं एकाच सॉकेटवर, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. टीव्ही एका भिंतीवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या, सबवूफर कोपऱ्यातल्या तिसऱ्या सॉकेटवर, ही मांडणी लूपला आमंत्रण आहे. लोड पेलवेल का, ही शंका येते म्हणून हिशेब बघा: ॲम्प्लिफायर ३०० वॅट, टीव्ही १००, सेट-टॉप बॉक्स १५, प्लेअर २०, मिळून ४३५ वॅट. २३० व्होल्टवर हे २ ॲम्पिअरच्याही आत आहे. ६ ॲम्पिअरचं सॉकेट ते आरामात ओढतं. फक्त त्या बोर्डावर इस्त्री किंवा कूलर लावू नका.

दुसरा: सिग्नलच्या वायरी विजेच्या वायरींपासून १५-२० सेंटिमीटर दूर न्या. ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. शोकेसच्या मागे सगळ्या वायरींची एकच जुडी बांधून टाकायची सवय दिसायला चांगली, ऐकायला वाईट. जास्तीची विजेची वायर गोल गुंडाळून ॲम्प्लिफायरच्या मागे कोंबू नका.

एवढ्याने दबलं नाही तर वेटोळं तोडायचं. पण अर्थच्या बाजूने नाही, सिग्नलच्या बाजूने. टीव्ही आणि ॲम्प्लिफायर दोन्हींना ऑप्टिकलची सोय असेल तर ऑप्टिकल केबल लावा. तिच्यात तांबं नाही, म्हणून लूपही नाही. एचडीएमआय मात्र अर्थ जोडतोच. ऑप्टिकलची सोय नसेल तर आरसीएसाठी ऑडिओ आयसोलेटर मिळतो: छोट्या डबीत दोन १:१ ट्रान्सफॉर्मर. तो ॲम्प्लिफायरच्या टोकाला लावा. स्वस्त आयसोलेटरचा गाभा लहान असतो आणि मोठ्या आवाजात खर्ज पातळ होतो, म्हणून विकत घेताना तबल्याच्या डग्ग्याचं एखादं रेकॉर्डिंग लावून ऐका. स्पीकरच्या वायरीत किंवा टर्नटेबलच्या (रेकॉर्ड प्लेअरच्या) पिनेत हा आयसोलेटर कधीही लावायचा नाही. तो प्लेअर-टीव्हीतून निघणाऱ्या लाइन पातळीच्या सिग्नलसाठीच बनवलेला असतो.

ज्यांचे ॲक्टिव्ह स्पीकर (आतच ॲम्प्लिफायर असलेले) बॅलन्स्ड इनपुटचे, म्हणजे प्लस, मायनस आणि शील्ड अशी तीन टोकं असलेले आहेत त्यांनी आत दोन तारा असलेली शील्डेड वायर घ्यावी. एक तार आरसीएच्या मधल्या पिनेला आणि बॅलन्स्ड इनपुटच्या ‘प्लस’ला, दुसरी आरसीएच्या कडीला आणि ‘मायनस’ला. शील्ड फक्त स्पीकरच्या टोकाला जोडायचं, आरसीएच्या टोकाला मोकळं सोडायचं. या एका वायरीने आयसोलेटरचा खर्च वाचतो.

अर्थची पिन कापू नका

तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकली किंवा दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला की लूप तुटतो आणि हमिंग जातं. म्हणूनच हा सल्ला दुकानापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे देतात. तो मानू नका. ॲम्प्लिफायरच्या आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं किंवा फेजची तार सुटून डब्याला टेकली, तर अर्थ असताना फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते. अर्थ नसताना पूर्ण डबा २३० व्होल्टवर उभा राहतो, आणि आरसीएच्या शील्डमधून टीव्ही आणि टर्नटेबलचा सुई धरणारा टोनआर्मही. ज्या हाताने सुई रेकॉर्डवर ठेवता त्याच हातात ती वीज येते.

तितकीच वाईट दुसरी युक्ती: सॉकेटमध्ये अर्थ येत नाही म्हणून काही जण आत न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. कुठेही न्यूट्रल तुटला की घरातले सगळे धातूचे डबे जिवंत होतात. असं जोडलेलं दिसलं तर त्याच दिवशी काढून घ्या, आणि मेन बोर्डात ३० मिलिॲम्पची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या.

माळव्याची काळी माती आणि मे महिन्यातली घरघर

डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? हात लावल्यावर हमिंग बदलतं का? बदलत असेल तर अर्थ पोहोचतच नाहीये. आजकालच्या बहुतेक उपकरणांत फेज आणि न्यूट्रलपासून डब्याकडे छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थ असताना त्यांची बारीक गळती जमिनीत जाते. अर्थ नसताना डबा मधल्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५च्या आसपास, तरंगत राहतो आणि ती गळती आरसीएच्या शील्डमधून वाट काढते.

सॉकेटवर मल्टिमीटरने तीन आकडे घ्या, एसी व्होल्टवर. फेज ते न्यूट्रल: २३०च्या आसपास. फेज ते अर्थ: जवळजवळ तेवढाच. न्यूट्रल ते अर्थ: ० ते ३ व्होल्ट ठीक, ५च्या वर गेला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. फेज ते अर्थ ८०, ११०, १४० असा भलताच आकडा आला तर अर्थची तार मध्येच तुटलेली आहे किंवा मुळात नाहीच. मीटर फक्त हवेतला दाब दाखवतोय. चालू सॉकेटमध्ये पिना घालण्याचा सराव नसेल तर हे मोजमाप इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. ओल्या हाताने, अनवाणी मुळीच नको.

राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत आणि रामबाग, नारायण बागेतल्या जुन्या बांधकामांत वायरिंग दोनच तारांचं असू शकतं. पुढे कधीतरी तीन भोकांची सॉकेट बसवली जातात, पण वरच्या भोकामागे तारच नसते. असं असेल तर ऑडिओच्या सॉकेटपर्यंत मेन बोर्डापासून हिरवी तार ओढून घेणं हाच खरा इलाज. केबलवर खर्च करायचे पैसे इथे लावा.

आता अर्थच्या खड्ड्याबद्दल. काळी माती ओली असताना वीज फार चांगली वाहून नेते. पण उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात, आणि अर्थच्या पाइपभोवतीची माती पाइपापासून सुटते. मार्चमध्ये चांगलं असलेलं अर्थिंग मेमध्ये कमजोर होतं आणि पावसाळ्यात आपोआप सुधारतं. हमिंग असंच ऋतूबरोबर येत-जात असेल तर त्याच्याकडे बोट दाखवायला हरकत नाही.

पण इथे एक बारकावा आहे. फक्त खड्डा कोरडा पडला म्हणून स्पीकर घरघरत नाही. घरातल्या सगळ्या उपकरणांचा अर्थ एकाच तारेवर असेल तर ती सगळी एकत्रच वर-खाली होतात, त्यांच्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो बाहेरून दुसरा अर्थ घरात शिरतो तेव्हा. आणि तो शिरतो टीव्हीच्या केबलमधून. गल्लीतल्या खांबावरच्या केबलच्या ॲम्प्लिफायरला स्वतःचा अर्थ असतो. तुमचा अर्थ कोरडा, खांबावरचा वेगळा, आणि दोघांमधला फरक वाहतो केबलच्या जाळीतून सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून आरसीएने ॲम्प्लिफायरमध्ये.

उन्हाळ्यात यात कूलरची भर पडते. ओल्या पंपाची आणि मोटारीची गळती अर्थच्या तारेत उतरते. कूलर चालू केला की हमिंग वाढतं, पाणी सुटलं की आणखी वाढतं, असं असेल तर पंप तपासून घ्या. ही गोष्ट गाण्यापेक्षा घरातल्या माणसांच्या जिवासाठी महत्त्वाची आहे.

अर्थचा खड्डा पारंपरिक असेल, म्हणजे अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, तर एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत आठवड्यातून एकदा नरसाळ्यातून दोन बादल्या पाणी घाला. तिथला नट-बोल्ट बघा: मिठाने तो गंजतो, पांढरी भुकटी धरते. मेन बंद करून सांधा पॉलिश पेपरने घासून घ्या, घट्ट करा, वर पेट्रोलियम जेली लावा. खड्ड्याचा रेझिस्टन्स इलेक्ट्रिशियन अर्थ टेस्टरने मोजतो. घरासाठी ५ ओहमच्या आत आला तर उत्तम.

केबल, डिश आणि ब्लूटूथची डबी

सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलची वायर नुसती काढा. हमिंग त्याच क्षणी गेलं तर दोषी सापडला. केबल टीव्हीसाठी कोॲक्स आयसोलेटर मिळतो, तो वायर आणि बॉक्सच्या मध्ये लावायचा. डिश असेल तर मात्र हा आयसोलेटर चालत नाही, कारण छतावरच्या एलएनबीला (डिशसमोरच्या रिसीव्हरला) वीज त्याच वायरीतून जाते, १३ किंवा १८ व्होल्टची, आणि आयसोलेटर ती अडवतो. चित्रच बंद पडेल. डिशची वायर घरात शिरते तिथे तिचं शील्ड घराच्या अर्थला जोडून घ्या आणि बॉक्स ते ॲम्प्लिफायर ऑप्टिकलने जोडा.

ब्लूटूथ रिसीव्हरची छोटी डबी ॲम्प्लिफायरच्याच यूएसबीमधून वीज घेते आणि तिची ऑडिओ पिन त्याच ॲम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये जाते. इतका लहान लूप, पण त्यातून चिवचिव आणि घरघर दोन्ही येतात. डबीला वेगळा मोबाइल चार्जर द्या. नाही गेलं तर साडेतीन मिलिमीटरचा आयसोलेटर. लॅपटॉपचं निदान आणखी सोपं: चार्जर काढा, बॅटरीवर वाजवा. शांत झालं तर चार्जरच कारण.

ज्या उपकरणांना मुळातच दोन पिनांचा प्लग आहे त्यांचा प्लग उलटा लावून बघा. आतल्या ट्रान्सफॉर्मरची गळती एका बाजूने जास्त, दुसऱ्या बाजूने कमी असते. कमी घरघरीची बाजू सापडली की प्लगवर मार्करने खूण करून ठेवा.

टर्नटेबल

टर्नटेबलवर हमिंग येणं स्वाभाविक आहे, आकडे बघितले की पटतं. मूव्हिंग मॅग्नेट सुईचा सिग्नल साधारण ५ मिलिव्होल्ट. तो फोनो प्रीॲम्पमध्ये शंभरपट वाढतो, आणि वरून आरआयएए दुरुस्तीमुळे (रेकॉर्ड कापताना दाबलेला खर्ज ती परत उचलते) ५० हर्ट्‌झ हा १००० हर्ट्‌झच्या तुलनेत १७ डेसिबल उचलला जातो. हमिंगसाठी याहून चांगली जागा नाही.

मागे बारीक अर्थची तार असते, टोकाला चिमट्यासारखी. ती फोनो प्रीॲम्पच्या स्क्रूला लावा. लावल्यावर हमिंग वाढलं तर अर्थ आधीच दुसऱ्या वाटेने जोडलेला आहे, मग काढा. दोन्ही वेळा सारखंच राहिलं तर सुईमागच्या चार बारीक तारा बघा: पांढरी डावी, निळी डाव्याची परत, लाल उजवी, हिरवी उजव्याची परत. निळी किंवा हिरवी सुटलेली असली की त्या बाजूला दणकून घरघर येते. चिमट्याने हलकेच बसवा, ओढू नका. त्या केसासारख्या असतात.

मग जागा. सुई रेकॉर्डवर न ठेवता टोनआर्म हाताने ॲम्प्लिफायरच्या बाजूला सरकवा. सरकताना हमिंग वाढत असेल तर ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर सुईत शिरतोय. टर्नटेबल ॲम्प्लिफायरवर ठेवणं बंद करा, ५०-६० सेंटिमीटर बाजूला न्या. चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने पडतं, त्यामुळे वीतभर सरकवण्यानेही मोठा फरक पडतो. फोनो प्रीॲम्पचा ॲडॉप्टरही त्याच्या पोटाशी ठेवू नका.

पंखा, इन्व्हर्टर, दिवे

धारदार ‘झर्रर्र’साठी घरातली एकेक गोष्ट बंद करत जा. गोल गोल फिरणारा, टप्पे नसलेला पंख्याचा रेग्युलेटर प्रत्येक फेऱ्यात वीज कापतो. पंखा सावकाश केला की झर्रर्र वाढते, पूर्ण वेगावर जाते. टप्प्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवा, काम संपलं. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर आवाज बिघडत असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा आहे. फिल्टर लावून तो सुधारण्याच्या नादी लागू नका, बदलायची वेळ येईल तेव्हा साइन वेव्हचा घ्या.

ॲम्प्लिफायरच्या आत

शॉर्ट पिना लावूनही दोन्ही बाजूंना १०० हर्ट्‌झ, व्हॉल्यूमशी संबंध नाही, आणि यंत्र दहा-पंधरा वर्षांपेक्षा जुनं: फिल्टर कपॅसिटर वाळलेत. कपॅसिटरवर उरणारी लहर साधारण अशी मोजतात: प्रवाह गुणिले ०.०१ सेकंद, भागिले कपॅसिटर. १ ॲम्पिअरला ४७०० मायक्रोफॅरडवर २.१ व्होल्ट. तोच कपॅसिटर वाळून १००० उरला तर १० व्होल्ट. हमिंगबरोबर मोठा आवाज फाटतो, तो यामुळेच. हमिंग अचानक आलं आणि ते ५० हर्ट्‌झचं असेल तर ब्रिजमधला एखादा डायोड उडालाय. कपॅसिटर बदलण्याआधी तो मीटरवर तपासा.

प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. १ किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्याने दोन टोकांना मिनिटभर धरा, मग मीटरने १ व्होल्टच्या आत आल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करण्याची पद्धत धोक्याची आहे, बोर्डाचीही वाट लागते. व्हॉल्व्हच्या यंत्रात काहीशे व्होल्ट असतात, ते जाणकाराकडेच द्या. नवा कपॅसिटर तेवढ्याच किंवा थोड्या जास्त मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंशांचा. दुप्पट-तिप्पट मोठा घालू नका, चालू करतानाचा धक्का ब्रिजला सोसत नाही. मायनसची पट्टी बघूनच बसवा; उलटा बसला तर फुटतो.

४४४० या ॲम्प्लिफायर आयसीचे बोर्ड आणि तत्सम असेंबल डबे असतील तर कपॅसिटर चांगले असूनही घरघर येते, कारण अर्थच्या तारा कशाही ओवलेल्या असतात. ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप आणि फिल्टर कपॅसिटरचा मायनस आधी एकमेकांना जाड तारेने जोडा. तिथून एक तार एका बिंदूला, आणि त्या बिंदूपासून बोर्ड, स्पीकरचा मायनस आणि इनपुट यांना वेगवेगळ्या तारा. एकाची दुसऱ्याला जोडून पुढे नेऊ नका. आरसीए सॉकेट पत्र्यापासून इन्सुलेटेड असू द्या. ट्रान्सफॉर्मर इनपुटपासून दूरच्या कोपऱ्यात, आणि स्क्रू ढिले करून तो फिरवून बघा. एका कोनात हमिंग सर्वांत कमी होतं, तिथे घट्ट करा.

तरीही लूप उरला तर पत्र्याचा डबा थेट विजेच्या अर्थला पक्का ठेवून, तो एक बिंदू डब्याला थेट न जोडता १० ओहम ५ वॅटच्या रेझिस्टरमधून जोडा. त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-टू कपॅसिटर आणि ३५ ॲम्पिअरचा ब्रिज, प्लस-मायनस एकमेकांना जोडून, एसीची दोन टोकं वापरून. लूपचा प्रवाह रेझिस्टरवर अडतो, आणि दोष झाला तर ब्रिज वाट देतो.

डब्याची थरथर

स्पीकर शांत, डबा घरघरतो: ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या किंवा बोल्ट ढिले असतील. बोल्ट हलकेच कसा, खाली रबराचे वॉशर द्या. टोरॉइडच्या, म्हणजे गोल कड्यासारख्या ट्रान्सफॉर्मरच्या, मधल्या बोल्टचं वरचं टोक डब्याच्या झाकणाला टेकत नाही ना हे बघा. टेकलं तर बोल्ट आणि डबा मिळून एक शॉर्ट वेटोळं होतं आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. थरथर कधी कधीच येत असेल, तर घरात त्या वेळी अर्ध्या उष्णतेवर हेअर ड्रायर चालू आहे का बघा. त्यातला डायोड विजेची एकच बाजू वापरतो आणि टोरॉइडला ते सहन होत नाही.

सगळं झाल्यावर रात्री पंखा बंद करून, नेहमी जेवढा ठेवता तेवढ्याच व्हॉल्यूमवर, प्लेअर पॉझ करून बसण्याच्या जागेवर बसा. तिथे काही ऐकू येत नसेल तर थांबा. स्पीकरच्या जाळीला कान टेकवून येणारी बारीक हवेसारखी सळसळ प्रत्येक ॲम्प्लिफायरला असते. तिच्यामागे लागू नका, रेकॉर्ड लावा.